वाळवणावरचं आभाळ

आई, आज सकाळी पुण्याहून संपादकबाईंचा फोन आला होता. त्यांना शेवटच्या प्रकरणात पाऊस हवा आहे. शेवटचं प्रकरण म्हणजे ज्यात तू जातेस ते. मी कादंबरी लिहिली आहे आणि तिच्यातली आई म्हणजे तू नव्हेस असं मी सगळ्यांना सांगत असते. पण तू वाचली असतीस तर दुसऱ्या पानावरच हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघितलं असतंस. संपादकबाई माझ्याहून बऱ्याच लहान आहेत, हुशार आहेत, आणि माझं मन दुखावू नये म्हणून फार जपून बोलतात. म्हणाल्या, "मॅडम, ऊन तुम्ही अप्रतिम वापरलंय. ते क्रूर ऊन, तो रिकामा रस्ता... मृत्यू अगदी अंगावर येतो. फक्त शेवटी वाचकाला रिलीज मिळत नाही हो. संध्याकाळी एक सर आली तर? आभाळ रडतंय वगैरे म्हणायचंच नाही, ते आपोआप पोचेल." मी म्हटलं, विचार करून सांगते. सोमवारी पुस्तक छापायला जायचं आहे. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ चहाचा कप हातात धरून नुसती बसले. तुझ्या सगळ्यात लाडक्या उन्हाला कुणीतरी क्रूर म्हटलं होतं आणि तसं म्हणायला मीच लावलं होतं. शिवाय त्या संध्याकाळी पाऊस खरोखरच आला होता, हे त्या बिचारीला माहीत नाही. मी तो मुद्दाम गाळला होता.

का गाळला, हे तुलाच सांगावं म्हणून लिहायला बसले. कारण पुस्तकातल्या हवेवरून मला पहिल्यांदा झापलंस ते तूच.

बंगळूरच्या मराठी मंडळाच्या हॉलमधला तुझा रविवारचा मराठीचा वर्ग. शेजारच्या स्वयंपाकघरात कुणाच्या तरी बारशाची तयारी चाललेली, शिऱ्याचा वास येतोय, आणि आम्ही मुलं सतरंजीवर मांडी घालून बसलोय. सगळ्यांचे वडील कुठल्या ना कुठल्या सरकारी कारखान्यात नाहीतर प्रयोगशाळेत. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. वर्गात मी तुला आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा तुझा नियम होता आणि मला तो मुळीच आवडत नसे. त्या आठवड्यात 'उन्हाळ्यातील दुपार' असा निबंध होता. मी एका गाईडमधून चांगली चांगली वाक्यं वेचून ठेवली होती. रणरणतं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, भकास दुपार एकटेपणासारखी पसरलेली. तू माझा निबंध मोठ्यानं वाचलास. वाचायचीस छानच तू, त्यामुळे मी आतून फुलून आले. मग वही खाली ठेवून विचारलंस, "हे ऊन कुठे पाहिलं?"

"बाहेर," मी म्हटलं.

"जा, पाहून ये."

मी व्हरांड्यात गेले. आभाळ राखेच्या रंगाचं होतं. गार वारा सुटला होता, आदल्या रात्रीच्या पावसानं रस्ता अजून ओला होता, त्यावर गुलाबी फुलांचा खच पडला होता आणि फाटकाजवळचा वॉचमन भर एप्रिलमध्ये बिनबाह्यांचा स्वेटर घालून बिडी ओढत होता. मी परत आले आणि ढग आहेत म्हणून सांगितलं. मग ढग का नाही लिहिले, असं तू विचारलंस. मी म्हटलं, "निबंधात ऊन असतं." सगळा वर्ग हसला. तू हसली नाहीस, पण तुझ्या हनुवटीवरून मला कळलं की हसू दाबते आहेस, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

खरी बोलणी घरी खाल्ली. तू कारली चिरत होतीस आणि मी फुरंगटून दाराशी बसले होते. "दुसऱ्याच्या गावचं ऊन आणलं ते आणलं," तू म्हणालीस, "पण त्याला भकास काऊन म्हटलं व? आमच्याकडे उन्हाळ्याची दुपार भकास कधीच नव्हती बाप्पा." आणि मग चिरता चिरता सांगत सुटलीस. नागपूरच्या घरी वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारायची तुम्हा भावंडांची पाळी, आतल्या अंधाऱ्या खोलीत सात-आठ बायका, मधे कुरडयांच्या चिकाचं पातेलं, गरम चीक दूधसाखर घालून वाटीवाटीनं सगळ्यांच्या हातात, कुणाची तरी नणंद नकला करते आहे आणि सगळ्या लोळताहेत. "रस्त्यावर चिटपाखरू नसते, कारण सगळे घरात मजा करून राहिले असतात," तू म्हणालीस. "बाहेरून पाहणाऱ्याला भकास दिसते. लिहिणारा बाहेर उभा होता, म्हणून त्यानं तसं लिहिलं. तू कशाला त्याच्या मागे उभी राहते?" मला तेव्हा यातलं काही पटलं नव्हतं. निबंधाला कमी गुण मिळाले, एवढंच डोक्यात राहिलं.

ते ऊन तू इथे आणायचा किती खटाटोप केलास. लग्न करून बंगळुरात आलीस, यशवंतपूरच्या त्या दुमजली घरात खाली भाड्यानं राहिलीस, वर मालकीणबाई. तू त्यांना अक्का म्हणायचीस, त्या तुला अक्का म्हणायच्या, आणि तुमच्यात थोरली कोण हे शेवटपर्यंत ठरलं नाही. एप्रिल लागला की तू गहू भिजत घालायचीस. तीन दिवस पाणी बदलायचं, वाटायचं, गाळायचं, चीक शिजवायचा, आणि सकाळी गच्चीवर जुन्या साड्या पसरून सोऱ्यानं कुरडया घालायच्या. दुपारपर्यंत सगळं छान चालायचं. मग जवळच्या कांदा मार्केटच्या बाजूनं त्या वासाबरोबर गार वारा यायचा, वरून अक्का ओरडायच्या, "अक्का, मळे बंतु!", पाऊस आला, आणि आपण सगळे हातातलं टाकून जिन्याकडे धावायचो. दरवर्षी निम्म्या कुरडयांचं पुन्हा पीठ व्हायचं. अक्का दरवर्षी समजावायच्या, "शिवरात्री आदमेले माडबेकु अक्का. फेब्रुवारी. एप्रिल-मे मळे बरुत्ते, माविन मळे." म्हणजे शिवरात्र झाली की घाला, एप्रिल-मेमध्ये आंब्यांचा पाऊस येतोच. त्याच गच्चीवरचे त्यांचे संडिगे, म्हणजे तिकडचे सांडगे, फेब्रुवारीतच खडखडीत वाळून डब्यात गेलेले असत. तू मान डोलवायचीस, "सरी, सरी," म्हणायचीस, आणि खाली आल्यावर आम्हाला सांगायचीस, "फेब्रुवारीत का ऊन असते? सूर्य नुसता हजेरी लावून जाते." बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, गहू बंगळूरचा, पाऊस बंगळूरचा, फक्त कॅलेंडर तेवढं नागपूरचं. तू कधी कॅलेंडर बदललं नाहीस.

त्यामुळे माझी काय पंचाईत झाली, ठाऊक आहे? इथे ढग आले की लोकांचे चेहरे खुलतात. सगळे कॉफी घेऊन गॅलरीत येतात, किती छान वेदर आहे म्हणतात, पोरं कुणाला तरी फोन लावतात. आपल्या घरात मात्र ढग आला की तुझा चेहरा पडायचा. "आलं मेलं," म्हणायचीस. आणि ऊन कडक झालं, लोक कपाळ पुसायला लागले, की तू गुणगुणायला लागायचीस. पुस्तकांत मात्र उलटं असायचं. तिथे ऊन म्हणजे यातना आणि मेघ म्हणजे विरह किंवा मीलन, लेखकाला त्या दिवशी जे लागेल ते. मी लिहायला लागले तेव्हा मुकाट पुस्तकांचंच ऐकलं. माझ्या सुरुवातीच्या गोष्टींत कुणी भांडलं की वीज चमकते, कुणी एकटं पडलं की धुकं उतरतं. धुकं कुठून उतरत होतं देव जाणे.

माझी पहिली गोष्ट छापून आली ती आठवते ना? के. आर. पुरमच्या स्टेशनावर नायक-नायिकेची ताटातूट होते, गाडी निघून जाते आणि ती मुसळधार पावसात भिजत एकटी घरी चालत जाते. बाबांनी पेढे आणले. तू शेंगा सोलत सोलत सगळी गोष्ट वाचलीस, अंक मिटवलास आणि म्हणालीस, "छत्री कुठे होती तिची?"

मी म्हटलं, "आई, तिचं मन मोडलंय."

"मन मोडलं म्हणून छत्री घरी राहते का? या गावात दूध आणायला निघालं तरी माणूस छत्री घेते. आणि इतका पाऊस होऊन राहिला तर ती काय विचार करत असेल सांगू? वर दोरीवर टाकलेली चादर भिजली असेल, असा."

मी चिडून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक घडीची छत्री होती, जांभळी, दांड्याला अजून दुकानाची चिठ्ठी लटकलेली. "तुझ्या नायिकेला दे," तू स्वयंपाकघरातून ओरडलीस. ती मी कितीतरी वर्षं वापरली. शेवटी बसमध्ये विसरले आणि त्या दिवशी घरी येताना खरोखर रडले. वर ऊन होतं, चांगलं लख्ख.

आता वय झाल्यावर तुझं म्हणणं मला असं समजतं. आभाळाला आपलं काही देणंघेणं नसतं. पण माणसाचं काहीतरी नेहमी बाहेर टाकलेलं असतं, उन्हात नाहीतर वाऱ्यावर, आणि तो त्याच्यावरून आभाळ वाचतो. तेव्हा लिहिणाऱ्यानं आधी विचारावं, हिचं बाहेर काय वाळत घातलं आहे? ते कळलं की हवा कशी आहे ते सांगायला फारसे शब्द लागत नाहीत. हे मी नव्या लिहिणाऱ्या मुलांना सांगतेही, तुझं नाव न घेता. सर्जापूर रोडला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एकदा जमतात, पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेली मुलं. लॅपटॉप मिटून गोष्टी वाचून दाखवतात. त्यांच्याही गोष्टींत ब्रेकअपला पाऊस पडतो. मी विचारते, छत्री कुठे होती? ती हसतात. मग मी ऐटीत घरी येते. आणि स्वतःच्या कादंबरीत नेमकी तीच चूक करून बसते.

ती शेवटची तुझी उन्हाळ्याची सुट्टी, मी तिला सुट्टीच म्हणते. त्या वर्षी एप्रिल निम्मा सरला तरी पावसाचा थेंब नव्हता. बोअर आटले, गल्लीत टँकरच्या मागे बादल्यांची रांग, दुकानातले पंखे संपले. अक्का पदरानं वारा घेत यायच्या, "एनु बिसिलु अक्का, एनु बिसिलु," काय हे ऊन, म्हणत खुर्चीत कोसळायच्या. डॉक्टरांनी तुला घरी न्यायला सांगितलं होतं. आता करण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं आणि हे तुलाही माहीत होतं. तू पलंग पश्चिमेच्या खिडकीशी लावून घेतलास. दुपारी ऊन थेट तुझ्या पायांवर यायचं. मी पडदा ओढायला गेले की हात झटकायचीस. "राहू दे. आता कसं उन्हासारखं ऊन पडून राहिलं." इतक्या खुशीत मी तुला आजारपणात कधी पाहिलं नव्हतं. आणि एका सकाळी म्हणालीस, गहू भिजव.

मी म्हटलं, आई, कोण खाणार आहे? तू माझ्याकडे असं पाहिलंस, जशी काही मी वेडीच आहे. "इतकं ऊन वाया जाऊन राहिलं," म्हणालीस.

मग मी आणि अक्कांनी केल्या. तू पलंगावरून हुकूम सोडत होतीस, "गुठळी धरेल, हलव. हिंग कमी पडला. वासावरून कळते मला." चमचाभर चीक दुधात कालवून खाल्लास. त्या आठवड्यात तू आपण होऊन मागून खाल्लेलं तेवढंच. दोन दिवस कुरडया गच्चीवर तापल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुझा हात धरून बसले होते. खिडकी उघडी होती, रस्त्यावर खरोखर चिटपाखरू नव्हतं. माझ्या निबंधातली दुपार इतक्या वर्षांनी बंगळुरात येऊन पोचली होती. तू डोळे न उघडता विचारलंस, "पलटवल्या का?" मी म्हटलं, हो, सकाळीच. तू बरं म्हणालीस. थोड्या वेळानं तू नव्हतीस. ती दुपार भकास नव्हती, आई. मला फार दुःख झालं, अजून होतं, पण भकास तिथे काही नव्हतं.

आता माझ्या प्रकरणात काय आहे ते ऐक. खिडकी आहे, ऊन आहे, रिकामा रस्ता आहे, हात आहे. कुरडया नाहीत. पहिल्या खर्ड्यात होत्या, मी काढून टाकल्या. स्वतःला सांगितलं की मरणाच्या शेजारी कुरडई हास्यास्पद दिसेल, गांभीर्य जाईल. कुरडया गेल्या आणि मागे नुसतं ऊन राहिलं, मग ते क्रूर वाटणार नाही तर काय. संपादकबाईंचं काही चुकलं नाही, त्यांना मी जे दिलं ते त्यांनी वाचलं. आणि पाऊसही मी गाळला, कारण त्या संध्याकाळी जमलेल्यांपैकी कुणीतरी खिडकीकडे बघून म्हणालंच, "बघा, आभाळसुद्धा रडतंय." आभाळाला काय करायचं आहे माझं, असं तू म्हणाली असतीस आणि उठून गच्चीवर गेली असतीस. खराच पडलेला पाऊस पुस्तकात खोटा वाटेल म्हणून मी लपवला, असं इतके दिवस समजत होते. आज सकाळी कप हातात धरून बसले तेव्हा उमगलं की मी लपवत होते ते दुसरंच काही. कुरडया ठेवल्या असत्या तर पाऊस ठेवावा लागला असता, आणि दोन्ही ठेवलं असतं तर मी त्या संध्याकाळी काय केलं तेही लिहावं लागलं असतं.

दादा दिल्लीहून पोचायचा होता, म्हणून तुला सकाळी न्यायचं ठरलं होतं. खोलीत माणसं बसली होती, बाबा भिंतीला टेकून होते. मी तुझ्या उशाशी होते. भिंतीवरचा उजेड बदलला. आणखी कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्या घरात वाढलेल्या माणसाला तो उजेड कळतो. मग कांद्याच्या वासाचा गार वारा आला. मी मान वर केली तर दारात अक्का उभ्या, माझ्याकडेच बघत. ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मळे." मी उठले. आम्ही दोघी जिना चढून धावलो, अक्कांचे गुडघे दुखायचे तरी धावल्या. साड्यांचे कोपरे गोळा केले, गाठी मारल्या, टाकीखालच्या आडोशाला ओढल्या. शेवटची गाठ मारतोय तोवर मोठे मोठे थेंब गच्चीच्या तापलेल्या फरशीवर आपटायला लागले. मी गाठोडं हलवून पाहिलं. खडखड वाजलं. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या वाळल्या होत्या, सगळ्या वाचल्या होत्या. आणि मी हसले. खदखदून हसले, आई. अक्कांनी तोंडाला पदर लावला, मग त्याही हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येतंय आणि हसताहेत. मला इतका आनंद झाला होता की तो पोटात मावेना. गाठोडं कवटाळून मी जिना उतरत सुटले, तुला सांगायला. दारापर्यंत आले, तोंडही उघडलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा ओला होता, आणि त्यांनी मला रडू द्यावं म्हणून वाट करून दिली.

ते गाठोडं मी स्वयंपाकघरात ठेवलं आणि येऊन बसले. पुढे सुतक संपल्यावर अक्कांनीच त्या डब्यात भरल्या. त्या आनंदाबद्दल मी कुणाला सांगितलं नाही, अक्कांशीही पुन्हा कधी बोलले नाही. त्याची मला लाज वाटते असं नाही. फक्त ज्या एका माणसाला तो कळला असता, तिलाच सांगायचा राहून गेला होता आणि दुसऱ्या कुणाला सांगून तो उष्टा करावासा वाटला नाही.

संपादकबाईंना आता लिहिणार आहे की पाऊस देते, पण त्याच्याबरोबर गव्हाचा चीक, सोऱ्या, साड्या आणि धावणाऱ्या दोन बायका घ्याव्या लागतील. वाचकाला रिलीज मिळेल की नाही, मला माहीत नाही. ते प्रकरण आज पुन्हा लिहीन आणि सोमवारच्या आत पाठवीन. हे पत्र मात्र इथेच राहील, कारण त्यातलं सांगायचं होतं ते एकच वाक्य आहे. दारात उभी राहून तोंड उघडलं होतं तेव्हापासून ते माझ्या तोंडात आहे. आई, एकही भिजली नाही.